सरबत का फसफसलं? रातांब्याची साल, साखरेचा हिशेब आणि मागे उरणारं पाणी



यंदाचा रातांब्याचा हंगाम तोंडावर आलाय. गेल्या अंकात दोन-तीन गटांनी विचारलं होतं, की कोकम सरबत टिकत का नाही. त्याचं उत्तर माझ्यापाशी आहे, आणि ते आमच्या गटाने पैसे मोजून मिळवलेलं आहे. म्हणून आधी आमचीच फजिती सांगते.

दोन वर्षांमागे मे महिन्यात आम्ही अमृत कोकम केलं. दरवर्षीचीच रीत. रातांबे धुवायचे, चिरून बिया-गर वेगळा करायचा, सालीच्या वाट्यांत साखर भरून बरणीत थर लावायचे, आठवडाभर उन्हात ठेवून हलवायचे, मग गाळून बाटल्या भरायच्या. त्या वर्षी वळीव लवकर आला. भिजलेली फळं कुजण्याआधी संपवायची म्हणून घाईघाईत काम उरकलं. जूनच्या पहिल्या आठवड्यात दुकानदाराचा फोन आला. तिथे गेलो तर आमची एक ताई बाटली हातात घेऊन म्हणाली, "गे बाय, ही बाटली फसफसता!" झाकण उघडताच फेस बाहेर. तीस बाटल्या परत आल्या. साखर गटातून अंतर्गत कर्ज काढून घेतलेली, म्हणजे हप्ता तर सुरूच.

आम्हाला वाटलं, बरण्या अस्वच्छ असतील. कुणी म्हणालं पाऊस बाधला, कुणी म्हणालं साखर खराब आली. प्रशिक्षणाला आलेल्या ताईंनी मात्र एक छोटी दुर्बिणीसारखी नळी काढली, तिच्या काचेवर सरबताचा एक थेंब टाकला आणि मला म्हणाल्या, उजेडाकडे धरून बघा. आत आकडे होते आणि निळ्या-पांढऱ्याची सीमा 60 वर होती. "इथे 65 पाहिजे होते," त्या म्हणाल्या. एवढ्यानेच सगळा उलगडा झाला.

त्या नळीला रिफ्रॅक्टोमीटर म्हणतात, बाजारात ब्रिक्समीटर मागितला तरी मिळतो. पाण्यात काही विरघळलं की त्यातून जाणारा प्रकाश जास्त वाकतो. किती वाकला त्यावरून यंत्र सांगतं, की शंभर ग्रॅम सरबतात विरघळलेला माल किती ग्रॅम आहे. आपल्या सरबतात तो बहुतेक साखरच असतो. एफएसएसएआयच्या नियमात फळाच्या सिरप-सरबतात हा माल किमान 65 टक्के आणि फळाचा अंश किमान 25 टक्के हवा.

आता हे 65 कशासाठी? सरबत फसफसवतात ते यीस्ट. इडलीचं पीठ आंबताना असतात तसेच सूक्ष्म जीव, फळाच्या सालीवर आणि हवेत असतातच. त्यांना जगायला पाणी लागतं. साखर भरपूर असली की ती पाणी धरून ठेवते, यीस्टला मिळू देत नाही. उलट त्यांच्या अंगातलं पाणी ओढून घेते. आपण सालीत साखर भरतो तेव्हा रस आपोआप बाहेर येतो ना, तेच. पण साखर कमी पडली की पाणी मोकळं राहतं, यीस्ट साखर खातात, दारू आणि वायू तयार करतात. तोच वायू झाकण उडवतो.

आमची साखर कमी कुठे पडली ते वहीवर मांडून बघितलं. रातांब्याच्या सालीत साधारण ऐंशी टक्के पाणी असतं. म्हणजे 10 किलो सालीत 8 किलो पाणी. रीत सांगते सालीच्या दुप्पट साखर, म्हणजे 20 किलो. 20 किलो साखर आणि 8 किलो पाणी मिळून 28 किलो, त्यात साखर 71 टक्के. झकास. पण आम्ही साल टोपलीने मोजली आणि साखर डब्याने. टोपली दाबून भरलेली, डबा वरून सपाट. प्रत्यक्षात साखर पडली 15 किलोच्या आसपास. तरी 15 आणि 8 मिळून 23, म्हणजे 65 टक्के, काठावर का होईना पास झालो असतो. पण साल पावसाने आणि धुण्याने ओली होती. दोनेक किलो पाणी तिच्यासोबत बरणीत गेलं. 15 भागिले 25, बरोबर 60. यंत्रात जे दिसलं तेच वहीत आलं तेव्हा अंगावर काटा आला. सालीतले आम्ल वगैरे या हिशेबात धरलेले नाहीत, हिशेब ढोबळ आहे, पण चूक कुठे झाली ते दाखवायला पुरेसा आहे.

म्हणून आता आम्ही फळ धुतल्यावर कापडावर पसरून पूर्ण सुकवतो, मगच चिरतो. साल आणि साखर दोन्ही वजनकाट्यावर. टोपली-डब्याचं माप बंद. आणि बाटली भरण्याआधी थेंब बघतो. तो बघताना बरणी तळापासून हलवून घ्या, नाहीतर वरचा थेंब पातळ आणि तळाला न विरघळलेली साखर. सरबत उन्हातून आणलेलं गरम असेल तर गार होऊ द्या, गरम थेंबाचा आकडा चुकतो. यंत्र घेताना दुकानदार स्वस्तातलं 0 ते 32 आकड्यांचं गळ्यात मारेल. ते उसाच्या रसाला ठीक, आपल्या सरबताला निरुपयोगी. 80-90 पर्यंत जाणारं घ्या. आगळाला मात्र हे यंत्र लावू नका. आगळात मीठ असतं आणि यंत्र मीठही त्याच आकड्यात मोजतं.

आकडा कमी आला आणि सरबत अजून आंबलेलं नसेल तर ते वाचवता येतं. 60 आकड्याच्या 10 किलो सरबतात अडीच किलो साखर पूर्ण विरघळवली की आकडा 68 वर जातो. फेस आलेलं सरबत मात्र उकळून, साखर घालून पुन्हा विकायचं नाही. गिऱ्हाईक एकदाच फसतं.

आणखी दोन गोष्टी. बाटली आतून ओली असेल तर ते पाणी हलकं असल्यामुळे सरबताच्या वर तरंगतं. त्या पातळ थरातच बुरशी धरते, खालचं सरबत कितीही दाट असो. दुसरं, टिकवण्याच्या पावडरीचं. लिंबाच्या, आंब्याच्या सरबताला जी केएमएस पावडर वापरतात ती कोकमात घातली की लाल रंग उडतो, कारण तिच्यातला गंधकाचा वायू त्या रंगालाच मारतो. लाल-जांभळ्या फळांना सोडियम बेंझोएट. तेही नियमातल्या मर्यादेत, ग्रॅमच्या काट्यावर तोलून. चिमटीने नाही.

लेबलवर "वजन कमी करते" लिहू का, असंही एका गटाने विचारलं होतं. नको. कोकमाच्या भाऊबंदातलं केरळचं कुडमपुळी, माशाच्या कालवणात घालतात ते, त्यातलं मुख्य आम्ल हायड्रॉक्सीसायट्रिक आहे हे म्हैसूरच्या सीएफटीआरआयच्या संशोधकांनी 1965 मध्ये दाखवलं. कोकमातही ते आहे. पण आम्ल असणं वेगळं आणि आपल्या बाटलीने कुणाचं वजन उतरणं वेगळं. लेबलवर जे लिहू ते सिद्ध करायची जबाबदारी आपली असते.

आता जे सांगायला मला खरी लाज वाटते ते. त्या तीस बाटल्यांचं आम्ही काय केलं? शेडमागच्या व्हाळात ओतल्या. साखर-कोकमच तर आहे, विष थोडंच, असं म्हणून. दुसऱ्या दिवशी व्हाळाच्या कोंडीत मासे उलटे तरंगत होते. पाऊस नीट सुरू झाला नव्हता, पाणी जवळपास थांबलेलं. खाली कपडे धुणाऱ्या बायका आमच्या दारात आल्या आणि आम्हाला मान वर करता येईना.

मासे साखरेने मेले नाहीत, श्वास कोंडून मेले. पाण्यात साखर गेली की जिवाणू ती खायला तुटून पडतात आणि खाताना पाण्यातला प्राणवायू वापरतात. एक किलो साखर पूर्ण खाऊन संपवायला त्यांना एक किलोहून थोडा जास्त प्राणवायू लागतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात एक लिटर पाण्यात प्राणवायू असतो जेमतेम 7-8 मिलिग्रॅम. हिशेब केला तर एक किलो साखर एक लाख लिटरपेक्षा जास्त पाण्यातला प्राणवायू संपवू शकते. आमच्या तीस बाटल्यांत साखर होती सोळा किलोच्या घरात.

प्रयोगशाळा हीच भूक मोजते. त्याला बीओडी म्हणतात. पाण्याचा नमुना 27 अंशावर तीन दिवस बंद ठेवून प्राणवायू किती घटला ते बघतात. नदी-नाल्यात सोडायच्या सांडपाण्याला ही मर्यादा लिटरला 30 मिलिग्रॅम, जमिनीवर शेतीला सोडायला 100. आपलं बरण्या धुतलेलं पहिलं पाणी यात बसणं शक्यच नाही. म्हणून आता बरण्या आधी पळीने निपटून घेतो, मग तांब्याभर प्यायच्या पाण्याने खळबळतो. ते पाणी त्याच दिवशी आमचंच सरबत. त्यानंतरचं धुण्याचं पाणी शेणखताच्या खड्ड्यावर पालापाचोळा टाकून थोडं थोडं. कोकम आंबट, म्हणून मूठभर चुना किंवा राख. आमसुलं किंवा आगळ करणाऱ्यांनी खारं पाणी मात्र खड्ड्यात किंवा झाडाला घालू नये, जमीन मिठाने बिघडते.

गर आणि बिया तर आम्ही वर्षानुवर्षं फेकतच होतो. आमसुलं करणाऱ्या बायका गराचा रस मीठ घालून सालीला पुटं द्यायला वापरतात, त्यांचं वाया जात नाही. सरबत करणाऱ्यांनी तो गर त्यांना द्यावा. आणि बिया? बीच्या वजनाचा साधारण चौथा हिस्सा तेल असतं. आपल्या आज्या बिया कुटून, पाण्यात उकळून, वरचं तेल काढून मुठीने वळायच्या, ते मुठेल. टाचांच्या भेगांना लावायचं. हेच तेल कोकम बटर म्हणून साबण-मलमवाले घेतात, कारण ते खोलीत घट्ट राहतं आणि अंगाच्या उष्णतेने वितळतं. पण खरेदीदार आधी त्यातली आंबटी तपासतो. बिया ओल्या ढिगात पडल्या की तेल फुटून आंबतं आणि भाव पडतो. चिरलेल्या दिवशीच बिया धुऊन ताडपत्रीवर पातळ पसरा, कडकडीत वाळल्यावरच पोत्यात भरा. पाऊस येण्याआधीची हीच शेवटची धावपळ.

ब्रिक्समीटर प्रभागसंघाच्या कार्यालयात ठेवला आहे. हंगामात कुठल्याही गटाला दोन दिवसांसाठी मिळेल. नेताना वहीत सही करा आणि परत आणताना काच ओल्या मऊ कापडाने पुसून आणा, चिकट ठेवली की पुढच्या गटाचा आकडा चुकतो.