चित्रपटाचा पाठ आणि त्याची प्रत

हस्तलिखितांच्या संदर्भात ‘पाठ’ आणि ‘प्रत’ या संज्ञा आपणांस परिचित आहेत. बोलपट हा बोलल्या जाणाऱ्या भाषेचा पुरावा असल्याने त्यालाही त्या लागू पडतात.

‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट १४ मार्च १९३१ रोजी गिरगावातील मॅजेस्टिक चित्रपटगृहात झळकला. आज त्याची एकही प्रत उपलब्ध नाही. त्यातील उच्चार आणि संवादफेक यांचा अभ्यास त्यामुळे खुंटला.

हल्ली हानीचे स्वरूप निराळे आहे. ‘अन्नपूर्णी’ हा तमिळ चित्रपट डिसेंबर २०२३ मध्ये रीतसर प्रमाणपत्रासह चित्रपटगृहांत लागला, महिनाअखेरीस नेटफ्लिक्सवर आला आणि आक्षेपांनंतर जानेवारी २०२४ मध्ये तेथून काढला गेला. वर्गणीदाराजवळ प्रत नसते. पाहण्याची परवानगी तेवढी असते. चित्रपट तसाच ठेवून आतील एखादा संवाद गाळला, तर ते कोणाच्या लक्षातही येणार नाही. अभ्यासकाच्या दृष्टीने हे मला अधिक गंभीर वाटते.

डीव्हीडीवरील पाठ असा परस्पर बदलत नाही. अर्थात तीवरही काटछाट झालेली असू शकते. म्हणून आरंभीच्या प्रमाणपत्रावरील तारीख व लांबी टिपून ठेवावी. तबकड्या उभ्या व कोरड्या जागी ठेवाव्यात. पावसाळ्यात पाणी तुंबणाऱ्या हिंदमातासारख्या परिसरात तळमजल्यावर राहणाऱ्यांनी तर वरची फळीच निवडावी.

स्वाध्याय : आपल्याजवळील एखाद्या मराठी चित्रपटाच्या तबकडीवरील दहा मिनिटांचे संवाद उतरवून घ्या. तोच भाग ओटीटीवर असल्यास ताडून पाहा आणि आढळलेले पाठभेद नोंदवा.