विनोदी सचित्र बालकविता
शब्द व चित्र यांच्या मेळातून हास्य निर्माण करणारा, साधारणतः चार ते आठ वर्षे वयाच्या मुलांसाठी रचलेला पद्यप्रकार. बडबडगीताप्रमाणे यातही नाद व पुनरावृत्ती यांना महत्त्व असते. तथापि बडबडगीत मुख्यतः कानांसाठी असते, तर येथे चित्र हा कवितेचाच घटक असतो. शब्दांनी गंभीरपणे सांगितलेली गोष्ट चित्र उघडी पाडते किंवा शब्दांनी अर्धवट सोडलेली गंमत पुरी करते. चित्र गाळून अशी कविता पाठ्यपुस्तकात छापल्यास तिचा निम्मा विनोद हरपतो.

फ्रँकफर्ट येथील डॉक्टर हाइन्रिख होफमान याने आपल्या लहान मुलासाठी स्वतः चित्रे काढून रचलेले श्ट्रुव्हेलपेटर (१८४५) आणि इंग्रज चित्रकार एडवर्ड लीअर याचे अ बुक ऑफ नॉन्सेन्स (१८४६) ही या प्रकारातील आरंभीची प्रसिद्ध पुस्तके होत. होफमानचा विनोद अतिशयोक्त शिक्षेवर उभा आहे; लीअरने बोध पूर्णपणे टाकून दिला. भारतात बंगाली लेखक सुकुमार राय (१८८७–१९२३) यांच्या आबोल ताबोल (१९२३) या संग्रहाने हा प्रकार उंचीवर नेला. त्यांनी दोन प्राण्यांची नावे सांधून नवा शब्द घडविला आणि त्याच सांध्यावर जोडलेला प्राणी चित्रात दाखविला. असा शब्द व असे चित्र एकमेकांवाचून अपुरे राहते.

वर्गातील वाचनशिक्षणाशी या प्रकाराचा प्रत्यक्ष संबंध अमेरिकेत आला. तेथील प्राथमिक वाचनमाला नीरस असून त्यांतील चित्रांमधली मुले अस्वाभाविक सोज्ज्वळ असतात, अशी टीका लेखक जॉन हर्सी याने १९५४ मध्ये लाइफ या नियतकालिकात केली. त्यानंतर शालेय पुस्तकांच्या एका प्रकाशकाने डॉ. स्यूस (थीओडोर स्यूस गायझेल, १९०४–९१) याला ठराविक शब्दयादीतूनच एक रंजक पुस्तक लिहिण्यास सांगितले. द कॅट इन द हॅट (१९५७) हे ते पुस्तक. त्यात केवळ २३६ वेगवेगळे शब्द आहेत. ग्रीन एग्ज अँड हॅम (१९६०) या पुस्तकात तर ही संख्या ५० वर आली आणि त्यांपैकी एक वगळता सर्व शब्द एकावयवी आहेत. वाचनमालांतही शब्दसंख्या मर्यादितच होती. म्हणजे दोष मर्यादेचा नव्हता, पुढे काय होणार याची उत्सुकता नसण्याचा होता. स्यूसने द्रुत लयीत तेच शब्द फिरवून प्रत्येक पानावर गोंधळ वाढवीत नेला.

अशा कवितेत यमकामुळे मूल पुढील शब्दाचा अंदाज करते, चित्र त्या अंदाजाला पुष्टी देते व डोळे अक्षरांवर त्याची खात्री करून घेतात. मात्र कविता लवकर पाठ होते, आणि मग मूल अक्षरांकडे न पाहताच ‘वाचू’ लागते. यासाठी ओळींखालून बोट फिरविणे, तोच शब्द दुसऱ्या पानावर शोधावयास लावणे, शब्दांच्या चिठ्ठ्यांवरून ओळ जुळविणे असे साधे उपाय योजावे लागतात. मराठीला येथे एक सोय आहे. इंग्रजीत समान उच्चाराच्या यमकांचे लेखन पुष्कळदा भिन्न असते. देवनागरीत यमकाचे शेवटचे अक्षर बहुधा मात्रेसह तेच दिसते. त्यामुळे कानाला जाणवलेले साम्य डोळ्यांनाही सापडते. याउलट, कविता संपताच ‘यातून कोणता बोध मिळतो?’ असे विचारण्याची वर्गातील जुनी सवय या प्रकारास मारक आहे. हसलेले मूल त्या प्रश्नाने लगेच गंभीर होते.

मराठीत विंदा करंदीकर यांनी राणीची बाग (१९६१), एटू लोकांचा देश (१९६३), अजबखाना (१९७४) इ. संग्रहांतून तर्काला उलटे करणारी बालकविता लिहिली. तिचा विक्षिप्तपणा उपदेशाच्या ओझ्याखाली दबलेला नाही, हे तिचे वैशिष्ट्य.

चित्राचा ठसा खोल उमटत असल्याने त्यातील उपहासाचा विषय कोण, हा प्रश्नही महत्त्वाचा ठरतो. काही मानवसमूहांचे चित्रण अवमानकारक असल्याच्या कारणावरून स्यूसच्या सहा पुस्तकांचे प्रकाशन त्याच्या साहित्याचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थेनेच २०२१ मध्ये थांबविले. १९३७ साली प्रसिद्ध झालेले त्याचे पहिले बालपुस्तकही त्यांत होते.