बॅकफ्लिप शिकायचीय? मग आधी होडी व्हा

हा आपल्या ताज्या भागाचा लेखी उतारा. रेकॉर्डिंगमध्ये मी दोनदा अडखळले आणि एकदा कुकरची शिट्टी झाली, तेवढं काढलंय. बाकी साधारण जसं बोलले तसंच.

मागच्या भागात मी सहज बोलून गेले की गेले सहा महिने मी मोठ्यांच्या जिम्नॅस्टिक्स बॅचला जाते. त्यावर जे मेसेज आले त्यातल्या बहुतेकांचा प्रश्न एकच. "ताई, बॅकफ्लिप किती दिवसांत येते?" दोघांनी तर व्हिडिओच पाठवले, गच्चीवर गादी टाकून प्रयत्न चाललेत. ते बघून माझ्या पोटात गोळा आला, कारण दोन वर्षांपूर्वी मीही हेच केलं होतं. एक रील वीस वेळा बघितली, सोसायटीच्या हिरवळीवर गेले, डोकं मागे फेकलं आणि उडी मारली. फिरले अर्धीच. खाली आले ती मनगटावर आणि कपाळावर. तीन आठवडे मनगट पट्ट्यात होतं, आणि कीबोर्ड एका हाताने चालवला. मान वाचली हे नशीब.

म्हणून आजचा विषय: जिम्नॅस्टिक्स नेमकं शिकवतात कसं. उत्तर मला खूप नंतर कळलं आणि ते आपल्या कोडवाल्यांच्या फार ओळखीचं आहे.

बॅचमध्ये पहिले तीन आठवडे सरांनी मला जमिनीवर झोपवूनच ठेवलं. पाठीवर झोपायचं, कंबर जमिनीला चिकटवायची, खांदे आणि पाय थोडे उचलायचे, होडीसारखं. मी शेवटी विचारलं, "सर, बारवर कधी जायचं?" सर म्हणाले, "हाच बार आहे."

मला वाटलं, टाळतायत.

त्या वाक्याचा अर्थ लागला तो सिमोन बाइल्समुळे. टोकियो ऑलिंपिक, २०२१. टीम फायनलमध्ये तिने व्हॉल्टवर अडीच पिळांची उडी घ्यायला सुरुवात केली आणि हवेत तिला आपण कुठे आहोत हेच कळेना. दीडच पीळ झाले. जिम्नॅस्ट लोक याला 'ट्विस्टीज' म्हणतात. शरीराला पीळ द्यायला जावं आणि जमीन कुठल्या बाजूला आहे याचा मेंदूला पत्ताच नसावा, अशी अवस्था. तिने टीम फायनल सोडली, मग ऑलराउंड, व्हॉल्ट, अनइव्हन बार्स आणि फ्लोअरच्या फायनलही सोडल्या. शेवटी बीमच्या फायनलला मात्र ती उतरली. बीमवरून उतरताना ती एरवी पिळाची दुहेरी कोलांटी मारायची. त्या दिवशी पीळ काढून टाकला, नुसती दुहेरी पाइक मारली, आणि कांस्यपदक घेऊन आली.

आता हे जरा आपल्या भाषेत बघा. व्हॉल्टवरचा पीळ, बारवरून उतरतानाचा पीळ आणि फ्लोअरवरचा पीळ ही तीन वेगळी कौशल्यं असती तर बिघाड एकाच ठिकाणी झाला असता. तो सगळीकडे झाला. म्हणजे पीळ ही शेअर्ड लायब्ररी आहे आणि बग लायब्ररीत होता. ज्या फंक्शनने ती लायब्ररी कॉल केली नाही ते व्यवस्थित चाललं. (माझ्या टीमलीडने हे ऐकून फक्त "हं" म्हटलं, पण मला हे उदाहरण भलतंच आवडतं.)

पुरुषांचे सहा प्रकार असतात: फ्लोअर, पॉमेल हॉर्स, रिंग्ज, व्हॉल्ट, पॅरलल बार्स, हाय बार. महिलांचे चार: व्हॉल्ट, अनइव्हन बार्स, बीम, फ्लोअर. प्रत्येकावर शेकडो कौशल्यं. एकेक सुटं शिकवायला गेलं तर आयुष्य पुरणार नाही. म्हणून चांगले कोच विचारतात की या सगळ्यांच्या आत हालचाली कुठल्या आहेत? कॅनडात प्रशिक्षक घडवताना तर ही मांडणी पायाच मानतात. जमिनीवर उतरणं, एका आकारात स्थिर राहणं, शरीर पुढे नेणं, उसळी घेणं, झोका घेणं आणि फिरणं. बस, एवढंच. बाकी सगळी यांची मिश्रणं.

यातली माझी सगळ्यात आवडती हालचाल म्हणजे होडी आणि धनुष्य. बॅचमध्ये हॉलो आणि आर्च म्हणतात. होडी मगाशी सांगितली. पालथं झोपून छाती आणि पाय उचलले की धनुष्य. नुसते आकार म्हणून दोन्ही कंटाळवाणे आहेत. मजा आहे ती एकातून दुसऱ्यात झटक्याने जाण्यात.

हाय बारवरचा मोठा झोका आठवा. खेळाडू खाली येताना किंचित होडी असतो, बारच्या खालून जाताना धनुष्य होतो आणि सगळ्यात खालचा बिंदू ओलांडला की पाय वर झटकून परत होडी. याला टॅप म्हणतात. नागपंचमीला झाडाच्या झोक्यावर उभं राहून झोका चढवला असेल तर हे तुमच्या अंगाला माहीत आहे. झोका तळाशी आला की आपण गुडघ्यातून सरळ होतो, शरीराचं वजन वरच्या दोरीच्या गाठीकडे सरकतं आणि झोका चढतो. स्नायूंनी केलेलं काम झोक्यात जमा होतं. बारवरही तेच, फक्त इथे गुडघ्यांऐवजी खांदे आणि कंबर काम करतात. रिंग्जवरच्या झोक्यातही हेच.

आता फ्लोअरवर या. राउंड ऑफमध्ये हात टेकलेत, पाय डोक्यावरून येतायत, त्या क्षणी शरीर धनुष्यातून होडीत झटकतं आणि पाय सपकन खाली येतात. फ्लिकमध्येही, म्हणजे मागे हातांवर जाऊन परत पायांवर येण्यात, मागे जाताना धनुष्य आणि हात टेकल्यावर होडी. बघताना या आणि बारच्या झोक्यात काही साम्य दिसत नाही. एकात आपण लटकलोय, दुसऱ्यात हातांवर उलटे आहोत. पण खांद्यांपासून पायांपर्यंत काम तेच. सरांचं "हाच बार आहे" ते हे. मी झोपून जी होडी करत होते, ती दहा ठिकाणी वापरली जाणार होती.

दुसरं उदाहरण किप. हे तुम्ही सिनेमात शंभरदा बघितलंय. हिरो पाठीवर पडलाय, पाय डोक्याकडे घेतो, कंबर झटक्यात उघडतो आणि हात न लावता उभा. या किप-अपचाच भाऊ बारवर आहे. लटकून पुढे सरकायचं, पायांचे अंगठे बारला लावायचे, मग पँट चढवल्यासारखा बार मांड्यांवरून कंबरेपर्यंत आणायचा. आपण बारच्या वर. गंमत अशी की यात दंडाची ताकद आपल्याला वाटते त्याहून कमी लागते. घट्ट मिटलेली कंबर वेगाने उघडली की पाय जोरात फिरतात. मग पायांचा वेग अडवला की तो वेग धडाकडे जातो आणि धड वर येतं. पॅरलल बार्सवर किप आहे, रिंग्जवरही आहे. ज्याला जमिनीवरच्या किपची वेळ साधली, त्याला बाकीच्या ठिकाणी 'कंबर कधी उघडायची' हे नव्याने शिकावं लागत नाही.

पण सगळं असंच्या असं उचलून दुसरीकडे लावता येतं का? नाही. आणि या पद्धतीवर फिदा झालेले लोक इथेच घसरतात असं माझं मत आहे.

माझंच बघा. मी शाळेत दोरीचा मल्लखांब केलाय. त्यामुळे उलटं लटकायची भीती शून्य. मला वाटलं हँडस्टँड एका आठवड्यात. आठ आठवडे लागले. दोरीवर आपण मांडीने आणि पायाच्या अंगठ्याच्या बेचक्यात दोरी आवळतो, ओढतो. हँडस्टँडमध्ये जमीन ढकलायची असते, खांदे कानाला लावून. उलटं असण्याची जाण माझ्याकडे होती, ढकलणं नव्हतं. अर्धीच लायब्ररी इन्स्टॉल होती म्हणा ना.

यापेक्षा फार गंभीर गोष्ट व्हॉल्टची. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला सोव्हिएत युनियनच्या नतालिया युर्चेंकोने व्हॉल्टवर नवीनच उडी आणली. धावत येऊन राउंड ऑफ, पाय स्प्रिंगबोर्डवर, मग फ्लिकने हात घोड्यावर. म्हणजे फ्लोअरवर लहान मुली रोज करतात ती जोडी तिने उचलून व्हॉल्टवर ठेवली. कल्पना अफाट. आज व्हॉल्टवर तिच्या नावाच्या उड्या सर्रास दिसतात. पण फ्लोअरवर राउंड ऑफनंतर पाय अर्धा फूट इकडेतिकडे पडले तर काही बिघडत नाही. इथे मागे वळलेले असताना, न बघता, पाय छोट्याशा बोर्डवरच पडायला हवेत. १९८८ साली टोकियोतल्या एका स्पर्धेच्या सरावात अमेरिकेच्या पंधरा वर्षांच्या जुलिसा गोमेझचा पाय बोर्डवरून निसटला आणि डोकं घोड्यावर आदळलं. तिला पक्षाघात झाला आणि १९९१ मध्ये ती गेली. आता या उडीसाठी बोर्डभोवती मऊ गादीची कड लावावीच लागते, आणि २००१ पासून अरुंद घोड्याच्या जागी रुंद टेबल आलं. हालचाल तीच होती, चुकीला मिळणारी जागा बदलली होती. कोड तेच, पण नव्या मशीनवर टेस्ट न करता थेट लाइव्ह.

म्हणूनच त्या कॅनडावाल्या यादीत उतरणं पहिलं आहे. पाय कंबरेएवढे फाकलेले, गुडघे वाकलेले, छाती वर, हात पुढे आणि बूड गुडघ्याच्या खाली जाऊ द्यायचं नाही. उंच ठोकळ्यावरून उडी मारून हेच शेकडो वेळा. दीपा कर्माकर आठवते ना? रिओ, २०१६. तिचा प्रोदुनोवा म्हणजे सुरुवातीला हँडस्प्रिंग, जो फ्लोअरवरही शिकवतात, आणि पुढे दोन पुढच्या कोलांट्या. पुढे फिरताना जमीन अगदी शेवटपर्यंत दिसत नाही. ती पायांवर आली, पण इतकी खोल बसली की बूड जवळजवळ मॅटला टेकलं. त्या उडीला १५.२६६ मिळाले, दोन उड्यांची सरासरी १५.०६६, आणि कांस्यपदक ०.१५० ने हुकलं. दोन कोलांट्या मारणारीचंही शेवटी उतरण्यावर अडलं.

आता तुमची बॅकफ्लिप. तिच्यात काय आहे? उसळी, फिरणं, उतरणं. मी हिरवळीवर डोकं मागे फेकलं तेव्हा शरीर धनुष्य झालं. धनुष्य झालं की वर जायचा जोर मागे जातो. उंची नाही, आणि अंग लांब असल्याने फिरायचा वेगही नाही. करायचं होतं ते असं: हात वर, शरीर किंचित होडी, सरळ वर उसळी, मग गुडघे छातीकडे घेऊन गोळा. गोळा लहान तितकं फिरणं जलद. हीच मागची कोलांटी बीमवर आहे, बारवरून उतरताना आहे, व्हॉल्टच्या दुसऱ्या टप्प्यात आहे.

तर गच्चीवाल्यांनो, गादी उचला. घरात एवढं करा: होडी १५ ते २० सेकंद, कंबर जमिनीवरून सुटली की थांबायचं. मग धनुष्य. मग भिंतीला पोट लावून हँडस्टँड, आणि पायरीवरून उडी मारून नीट उतरणं. उलटं फिरायचं असेल तर कोच, जाड मॅट आणि हात लावणारं माणूस हवंच. दिवस किती लागतील ते तुमचे सर तुमची होडी बघून सांगतील.

माझं म्हणाल तर बारवरची किप अजून आलेली नाही. गेल्या मंगळवारी अंगठे बारला लागले, कंबर उघडली आणि मी अर्ध्यातच लोंबकळले. सर म्हणाले, "लवकर उघडतेयस." घरी येऊन गादीवर किप-अप करून मोबाइलवर शूट केलं, स्लो मोशनमध्ये बघितलं.

तिथेही लवकरच उघडतेय.

चला, भेटू पुढच्या भागात.