‘पिप अनइन्स्टॉल’ केलं, पण लायब्ररी खरंच गेली का?

इंजिनीअरिंगचा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट असो किंवा डेटा सायन्सचा ऑनलाइन कोर्स, पायथन शिकणाऱ्याला एक कमांड लवकरच पाठ होते. टर्मिनल उघडायचं, ‘पिप इन्स्टॉल’ लिहून पुढे लायब्ररीचं नाव टाकायचं आणि एंटर दाबायचं. दुसऱ्या कुणीतरी लिहिलेला कोड काही सेकंदांत तुमच्या कम्प्युटरवर हजर. नको झाला तर ‘पिप अनइन्स्टॉल’. पण दुसरी कमांड पहिलीने केलेलं सगळं पुसत नाही. २०२२च्या डिसेंबरात हे ठळकपणे दिसलं.

नेमकं काय घडलं होतं?

‘पायटॉर्च’ ही मशीन लर्निंगसाठी जगभर वापरली जाणारी लायब्ररी. तिची चाचणीसाठीची ‘नाइटली’ आवृत्ती पायटॉर्चच्या स्वतःच्या सर्व्हरवरून मिळते. तिला ‘टॉर्चट्रायटन’ नावाचं आणखी एक पॅकेज लागायचं, तेही त्याच सर्व्हरवर होतं. मात्र ‘पायपीआय’ या सार्वजनिक भांडारात, जिथे कुणीही खातं उघडून पॅकेज टाकू शकतो, तिथे हे नाव कुणी घेतलेलं नव्हतं. कुणीतरी नेमक्या त्याच नावाचं पॅकेज तिथे चढवलं आणि पिपने अस्सल सोडून तेच उचललं. स्पेलिंग चुकलं नव्हतं, कमांडही बरोबर होती.

२५ ते ३० डिसेंबरदरम्यान लिनक्सवर पिपने नाइटली घेणाऱ्यांकडे हे बनावट पॅकेज पोहोचलं. प्रोग्रॅमने ते वापरायला घेतलं, की मशीनची माहिती, होम फोल्डरमधल्या पहिल्या हजार फाइल्स आणि एसएसएच कीज बाहेर पाठवल्या जात. नेहमीची स्थिर आवृत्ती वापरणारे यातून वाचले. पायटॉर्चने टॉर्चट्रायटनसह संबंधित पॅकेजेस अनइन्स्टॉल करायला आणि पिपची कॅशेही रिकामी करायला सांगितलं. ते गरजेचंच होतं. पण बाहेर गेलेली की अनइन्स्टॉलने परत येत नाही. ती बदलावीच लागते.

अनइन्स्टॉल करतं तरी काय?

इन्स्टॉल करताना पिप पॅकेजच्या फाइल्सची यादी लिहून ठेवतो. अनइन्स्टॉल म्हणजे ती यादी वाचून त्या फाइल्स काढणं, बस्स. सोबत आलेल्या पॅकेजेसना तो हात लावत नाही. ‘रिक्वेस्ट्स’ ही लायब्ररी घेतली की अर्लिब३, सर्टिफाय, आयडीएनए आणि चारसेट-नॉर्मलायझर अशी चार पॅकेजेस मागोमाग येतात. रिक्वेस्ट्स काढली तरी चौघं मुक्कामाला राहतात. त्यामागे कारणही आहे : दुसऱ्या एखाद्या लायब्ररीला ती लागत असू शकतात.

म्हणून प्रत्येक प्रोजेक्टसाठी वेगळं ‘व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट’ करावं. पायथनसोबतच येणारं ‘व्हेनव्ह’ त्यासाठी पुरतं. सगळ्या लायब्ररी एका फोल्डरमध्ये राहतात; काम संपलं की फोल्डरच डिलीट. डेबियन १२ आणि उबंटू २३.०४पासून तर सिस्टिमच्या पायथनमध्ये थेट पिप चालवलं की एरर येते. नवख्यांची चिडचिड होते खरी, पण ती अडवणूक योग्यच आहे.

अर्थात, व्हेनव्हमुळे पसारा टळतो, चोरी नाही. त्यातला कोडही तुमच्याच अधिकारांनी चालतो आणि होम फोल्डर वाचू शकतो. टॉर्चट्रायटन व्हेनव्हमध्ये घेतलेल्यांनाही धोका तेवढाच होता. पायटॉर्चने पुढे त्या पॅकेजचं नाव बदलून ‘पायटॉर्च-ट्रायटन’ केलं आणि पायपीआयवर त्या नावाचं एक रिकामं पॅकेज टाकून जागा अडवून ठेवली.