ओठ वाचा, खिसा सांभाळा

चिडलेल्या मतदाराच्या हातात दुसरं काही नसलं, तरी नावं ठेवणं असतंच. त्यात १९३० च्या आसपासच्या अमेरिकनांचा हात धरणारं कुणी नाही. १९२८ च्या प्रचारात हर्बर्ट हूव्हर यांच्या समर्थकांनी वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती: रिपब्लिकन राजवटीत घरोघरी पातेल्यात कोंबडी शिजू लागली, वर परसात मोटारही आली! हूव्हर जिंकले, आणि वर्षभरात शेअर बाजार झोपला. मग पत्र्याखोक्यांच्या झोपडपट्टीला लोक 'हूव्हरव्हिल' म्हणू लागले. पांघरायला घेतलेलं जुनं वर्तमानपत्र म्हणजे 'हूव्हर ब्लँकेट', बाहेर उलटा काढलेला रिकामा खिसा म्हणजे 'हूव्हर झेंडा'. पेट्रोलला पैसे नाहीत म्हणून जनावर जुंपलेली मोटार? 'हूव्हर वॅगन'. कोंबडीचं ते वाक्य हूव्हरसाहेबांनी स्वतः कधी उच्चारलंच नव्हतं, पण ते ऐकून घ्यायला वेळ कुणाला होता? १९३२ मध्ये ४८ पैकी फक्त ६ राज्यं त्यांच्या वाट्याला आली.

सहा शब्दांचा दणका

मोडलेल्या आश्वासनांचं संग्रहालय काढलं, तर दर्शनी दालन राष्ट्राध्यक्ष थोरल्या जॉर्ज बुशसाहेबांना द्यावं लागेल. १८ ऑगस्ट १९८८, न्यू ऑर्लिन्स, पक्षाचं अधिवेशन. 'माझे ओठ वाचा: नवे कर नाहीत!' इंग्रजीत मोजून सहा शब्द. भाषण पेगी नूनन यांनी लिहिलेलं. सल्लागार रिचर्ड डार्मन यांना हे वाक्य धोक्याचं वाटत होतं, पण ते राहिलं आणि सभागृह डोक्यावर घेतलं गेलं.

दोन वर्षांत तूट इतकी फुगली की विरोधकांच्या ताब्यातल्या काँग्रेसशी, म्हणजे संसदेशी, तडजोड करताना बुश यांनी करवाढीला मान डोलावली. 'न्यूयॉर्क पोस्ट'नं मथळा दिला: 'माझे ओठ वाचा: मी खोटं बोललो'. तरीही १९९१ मध्ये आखाती युद्ध जिंकल्यावर गॅलपच्या पाहणीत ८९ टक्के लोक त्यांच्यावर खूश होते! करांचं दुःख लोक विसरले म्हणायचं, तोवर मंदीचा चटका बसला आणि सगळ्यांना ते ओठ पुन्हा आठवले. स्वपक्षाच्याच पॅट ब्यूकॅनन यांनी प्राथमिक फेरीत ती चित्रफीत त्यांच्यावर उलटवली. १९९२ च्या नोव्हेंबरात बुश यांना ३७ टक्क्यांच्या आसपास मतं पडली.

माझ्या मते त्यांचा खरा गुन्हा करवाढ हा नव्हताच. इतकं सोपं, इतकं पाठ होणारं वाक्य बोलणं हा होता. गुळमुळीत बोलले असते तर कदाचित निभावलं असतं.

'पिट्सबर्गला गेलोच नव्हतो म्हणा'

आता हे बघा. १९ ऑक्टोबर १९३२ ला हूव्हर यांचे प्रतिस्पर्धी फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी पिट्सबर्गच्या फोर्ब्स फील्ड मैदानात सरकारी खर्चात २५ टक्के कपात करण्याचं वचन दिलं. निवडून आल्यावर 'न्यू डील'च्या योजनांवर पैसा पाण्यासारखा ओतला. १९३६ मध्ये पुन्हा त्याच मैदानात सभा लागली. आता या जुन्या भाषणाचा खुलासा कसा करायचा? त्यांचे भाषणलेखक सॅम्युअल रोझेनमन यांनी मार्ग काढला: आपण १९३२ मध्ये पिट्सबर्गला गेलोच नव्हतो, असं ठोकून द्या!

इतकी उघड कोलांटउडी मारणाऱ्या माणसाला मतदारांनी काय शिक्षा केली? ४८ पैकी ४६ राज्यं दिली. एक मात्र कबूल करायला हवं, की दारूबंदी उठवण्याचा शब्द रूझवेल्ट यांनी पाळला. शपथ मार्चमध्ये आणि ७ एप्रिल १९३३ ला दुकानात कायदेशीर बिअर. कोणता शब्द आधी पाळायचा, हे त्यांना बरोबर कळत होतं.

युद्धाचे शब्द मात्र कुणालाच सांभाळता आले नाहीत. 'त्यांनी आपल्याला युद्धापासून दूर ठेवलं' या घोषणेवर वुड्रो विल्सन १९१६ मध्ये जिंकले, आणि दुसऱ्या शपथविधीनंतर महिन्याभरानं अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. आशियाई पोरांनी लढायची लढाई लढायला अमेरिकन पोरं धाडणार नाही, असं लिंडन जॉन्सन ऑक्टोबर १९६४ मध्ये म्हणाले. पाचच महिन्यांत मरीन सैनिक व्हिएतनामच्या दा नांगमध्ये उतरले.

'देव आपल्याला तारो'

अमेरिकेच्या दक्षिणेला गेलं की मामला आणखी झणझणीत. पेरूमध्ये १९९० ला लेखक मारिओ वर्गास योसा उभे होते. अर्थव्यवस्था सुधारायची तर कडू औषध लागेल, असं ते प्रामाणिकपणे सांगत सुटले. समोर अल्बर्टो फुजिमोरी. त्यांचं म्हणणं, झटका-बिटका काही नाही. लोकांनी अर्थातच फुजिमोरींना निवडलं. शपथेनंतर दोन आठवडेही झाले नाहीत, तोच ८ ऑगस्टला अर्थमंत्री टीव्हीवर आले, भाववाढ वाचून दाखवली आणि शेवटी म्हणाले, 'देव आपल्याला तारो.' पेट्रोल एका रात्रीत सुमारे तीसपट महागलं. लोकांनी या प्रकाराचं नाव ठेवलं 'फुजीशॉक'. म्हणजे जो खरं बोलला तो हरला, आणि त्याचाच कार्यक्रम जिंकणाऱ्यानं राबवला. पुढे वर्गास योसांना २०१० मध्ये साहित्याचं नोबेल मिळालं, हे बरंच झालं.

त्याच खंडातल्या अर्जेंटिनात कार्लोस मेनेम १९८९ मध्ये घसघशीत पगारवाढीचं गाजर दाखवून आले आणि त्यांनी टेलिफोन, विमान कंपनी विकायला काढली. काय करणार आहे ते आधीच सांगितलं असतं तर कुणी मत दिलं नसतं, हे उद्गार त्यांच्या नावावर प्रसिद्ध आहेत. १९९५ मध्ये दोघंही पुन्हा निवडून आले, फुजिमोरी तर ६४ टक्के मतांनी! हजारो टक्क्यांची महागाई आटोक्यात आली होती ना. दूध-पावाचा भाव स्थिर झाला की दिल्या शब्दाचा हिशेब कोण मागतो?

फिलिपिन्सच्या रॉड्रिगो दुतेर्ते यांनी तर वेगळीच शक्कल काढली. २०१६ च्या वादसभेत ते म्हणाले, चीननं बळकावलेल्या समुद्रात मी जेट-स्कीवरून जाईन आणि आपला झेंडा रोवेन. कोळी बांधव हरखले. २०२१ मध्ये आठवण करून दिल्यावर साहेबांचं उत्तर: तो विनोद होता, ज्यांनी विश्वास ठेवला ते मूर्ख.

यांच्यापुढे फ्रान्सचे फ्रान्स्वा ओलांद अगदीच सज्जन वाटतात. बेकारी घटली नाही तर पुन्हा उभा राहणार नाही, असं म्हणाले होते, आणि डिसेंबर २०१६ मध्ये खरंच माघार घेतली.

आपल्या ओळखीपाळखीतल्यांना झळ पोचली ती ओबामांच्या शब्दाची. पहिल्याच वर्षी इमिग्रेशन सुधारणेचं विधेयक आणू, हे २००८ चं आश्वासन. ते राहून गेलं. नोकरीच्या कोट्यातल्या ग्रीन कार्डांपैकी वर्षाला एका देशाला साधारण ७ टक्क्यांहून जास्त नाहीत, ही अट तशीच राहिली, आणि न्यू जर्सीतली कितीतरी मराठी कुटुंबं रांगेतच. त्यांनी चिडूनही उपयोग नाही, कारण रांगेतल्याला मत नसतं.

मत असलेल्यांना तरी राष्ट्राध्यक्ष परत बोलावता येतो का? अमेरिकेत तशी सोयच नाही. मेक्सिकोत आहे. १० एप्रिल २०२२ ला तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष लोपेझ ओब्रादोर यांना ठेवायचं की घालवायचं यावर देशभर मतदान झालं. गंमत अशी, की ते व्हावं म्हणून सह्या गोळा करण्यात पुढे होते त्यांचेच समर्थक. विरोधकांनी बहिष्कार टाकला. निकाल बंधनकारक ठरायला ४० टक्के मतदान हवं होतं, झालं १८ टक्क्यांच्या आसपास. आलेल्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक लोक म्हणाले, राहू द्या. चिडलेले घरी बसले होते.