नवागत कामगार आणि आरोग्यविम्याची पात्रता : करकंब परिसरातील ऊसतोडणीच्या निमित्ताने

परदेशात नव्याने गेलेल्या कामगारास तेथील सार्वजनिक आरोग्यविम्याचा लाभ कोणत्या दिवसापासून मिळावा, हा प्रश्न आपल्याकडे सहसा दूरदेशीचा म्हणून वाचला जातो. प्रस्तुत लेखात तो पंढरपूर तालुक्यातील करकंबच्या शिवारात आणून पाहावयाचा आहे. कारण ‘नवागत’ ही संज्ञा राष्ट्राच्या सीमेवरून ठरत नाही. कायद्याने विम्याचा हक्क कोणत्या खुंटीला बांधला आहे, यावरून ती ठरते. अशा खुंट्या मुख्यत्वे तीन आहेत : नोकरी, वास्तव्य आणि काल.

नोकरीच्या खुंटीचे ठळक उदाहरण जर्मनीचे. तेथील आजारपणाच्या विम्याचा कायदा १८८३ सालचा आहे. या पद्धतीत सक्तीच्या विम्याखाली येणाऱ्या कामगाराचा विमा नोकरीच्या पहिल्या दिवसापासूनच सुरू होतो आणि वर्गणीचा भार मालक व कामगार यांच्यात विभागला जातो. कामगार कोणत्या देशातून आला, हा प्रश्न तेथे गौण ठरतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठविण्याविषयी करार केला. त्याअन्वये सोलापूर जिल्ह्यातील एखादी परिचारिका तिकडे रुजू झाली, तर ती पहिल्या दिवसापासून विमेदार होईल. वास्तव्याच्या खुंटीची तऱ्हा निराळी. ब्रिटनमध्ये राष्ट्रीय आरोग्यसेवा रहिवाशांसाठी आहे. परंतु २०१५ पासून बहुतेक परदेशी नवागतांना प्रवेशपरवान्याबरोबरच आरोग्य-अधिभार भरावा लागतो. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात नवागतास तीन महिने थांबावे लागत असे. मार्च २०२० मध्ये, महामारीच्या तोंडावर, ही अट उठविण्यात आली.

प्रतीक्षाकालाचे समर्थन विमाशास्त्रात जुने आहे. आजार जडल्यावर विमा उतरविण्याची मुभा असेल, तर निरोगी मनुष्य वर्गणी भरणार नाही आणि निधी बुडेल. स्वेच्छेच्या विम्यापुरता हा युक्तिवाद बिनतोड आहे. विमा सक्तीचा झाला की त्याचे बळ पुष्कळच कमी होते, कारण तेथे विमा कधी घ्यावयाचा, हे ठरविण्याची संधी व्यक्तीला उरतच नाही. तरीही सक्तीच्या योजनांतून प्रतीक्षाकाल टिकून राहिला, तो निधीच्या रक्षणापेक्षा उपऱ्याविषयीच्या संशयापोटी, असे आमचे मत आहे.

आता करकंबकडे वळू. भीमेवरील उजनी धरणाच्या पाण्यामुळे या टापूत उसाचे क्षेत्र वाढले आणि त्याबरोबर कारखानेही वाढले. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीडसारख्या कोरडवाहू जिल्ह्यांतून ऊसतोड कुटुंबे बैलगाड्या, ट्रॅक्टर घेऊन पश्चिमेकडील ऊसपट्ट्यात उतरतात आणि हंगाम आटोपल्यावर, चैत्राच्या आगेमागे, परततात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडावयाची असते. नवरा-बायकोची जोडी मिळून ‘एक कोयता’ धरला जातो. एकजण आजारी पडला की कोयता अडतो, खाडा धरला जातो आणि उचल अंगावर राहते. म्हणून आजारपणात औषधाच्या खर्चाइतकाच बुडालेला दिवस महत्त्वाचा असतो, ही गोष्ट पात्रतेची चर्चा करताना नजरेआड होऊ देता कामा नये.

या कुटुंबाला पहिली खुंटी, म्हणजे नोकरीची, लाभत नाही. प्रा. अदारकर यांच्या १९४४ च्या अहवालातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा जन्मास आला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे योजना सुरू झाली. परंतु हंगामी कारखाने तिच्या बाहेर ठेवले गेले, आणि हंगामी कारखान्याच्या व्याख्येत कापूस पिंजणे, चहा, कॉफी यांच्या पंक्तीला साखर व गूळ यांची नावे घालून मोकळे झाले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही हंगामी कारखान्याचा अपवाद कायम राखला आहे. शिवाय ऊसतोड कामगार हा कारखान्याचा नोकर की मुकादमाचा, हा वाद निराळाच.

समजा, हा अपवाद उद्या उठविला. तरी काय होईल? राज्य विमा योजनेच्या विनियमांत वैद्यकीय उपचार नोकरी लागताच मिळत असला, तरी आजारपणातील रोख भत्त्याला कालाची अट आहे. प्रथमच विमेदार झालेल्याचा लाभकाल नोकरी लागल्यापासून नऊ महिन्यांनी सुरू होतो. नोव्हेंबरच्या मध्यास फडात उतरलेल्या कामगाराचा भत्ता अशा रीतीने ऑगस्टच्या मध्यास सुरू व्हावयाचा. म्हणजे तो आपल्या गावी खरिपाच्या पिकात उभा असेल तेव्हा. बारमाही गिरणी कामगार डोळ्यांसमोर ठेवून आखलेल्या नियमाचे माप हंगामी मनुष्याला बसत नाही, हे यावरून स्पष्ट व्हावे.

दुसरी खुंटी वास्तव्याची. महाराष्ट्रात तिचे दृश्य रूप म्हणजे शिधापत्रिका. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत सोलापूर होते, बीड नव्हते. म्हणजे त्या वर्षीच्या हंगामात करकंबचा पिवळ्या पत्रिकेचा शेतमजूर योजनेत होता, आणि त्याच शेतातला ऊस तोडणारा, तशीच पिवळी पत्रिका बाळगणारा बीडचा कामगार बाहेर होता. नोव्हेंबर २०१३ मध्ये योजना राज्यभर झाली, २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले आणि १ जुलै २०२४ पासून पत्रिकेच्या रंगाची अट जाऊन कुटुंबास वार्षिक पाच लाख रुपयांचे संरक्षण मिळू लागले. कागदोपत्री पाहता बीडचे कुटुंब आता सोलापुरात नवागत उरलेले नाही.

अडचण पत्रिकेवरील नावात उरते. कोयत्याच्या जोडीत नवविवाहित पुष्कळ असतात. वधूचे नाव माहेरच्या पत्रिकेतून कमी होऊन सासरच्या पत्रिकेत चढेपर्यंत ती विम्याच्या दृष्टीने कोणत्याच घरची नसते, आणि हे काम ज्या तहसील कचेरीत व्हावयाचे ती शंभर-दीडशे मैल मागे राहिलेली असते. मध्यप्रदेशातून महाराष्ट्रात येणाऱ्या तोडणी कामगारांना तर येथील शिधापत्रिकाच नसते. त्यांना आधार तो २०१८ च्या आयुष्मान भारत योजनेचा, पण केवळ त्या योजनेच्या यादीत नाव असेल तरच. धान्याच्या बाबतीत हा गुंता ‘एक देश, एक शिधापत्रिका’ या व्यवस्थेने बराच सोडविला. २००८ च्या राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेतही स्थलांतरिताला कुटुंबाच्या कार्डाचा एक भाग वेगळा करून बरोबर नेण्याची सोय होती. कल्पना चांगली होती. पुढील योजनांनी ती जपावयास हवी होती.

याहून मोठी उणीव लाभाच्या स्वरूपात आहे. जनआरोग्य योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल झाल्यावरचा खर्च उचलते. ताप, पाठदुखी, पांढरे जाणे, पाचटाने कापलेले बोट यांसाठी दाखल करीत नाहीत; आणि पालावरील आजारपण बहुतांशी याच जातीचे असते. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे आलेल्या पाहणीत बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ महिलांचे गर्भाशय काढलेले आढळले. या शस्त्रक्रिया विम्यामुळे झाल्या, असे येथे म्हणावयाचे नाही. तथापि लहान दुखण्यास दवाखाना नाही आणि मोठ्या शस्त्रक्रियेने ‘कटकट एकदाची मिटते’, अशी स्थिती असली म्हणजे खाडा टाळू पाहणारी स्त्री कोणत्या मार्गाने जाईल, हे सांगावयास नको.

तिसरी खुंटी कालाची. ऊसतोड कामगारांसाठी स्थापन झालेल्या लोकनेते गोपीनाथ मुंडे महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे १० रुपये घेण्याचे ठरले आणि २०२१ मध्ये ग्रामसेवकांमार्फत ओळखपत्रे देण्याचा उपक्रम निघाला. त्यात नोंद करावयाची ती सलग तीन वर्षे वा अधिक काळ तोडणीस जाणाऱ्यांची. खोट्या नोंदी टाळण्याचा हेतू समजण्यासारखा आहे. परंतु पहिल्या हंगामाला आलेली, फडाची सवय नसलेली जोडीच अपघाताला अधिक बळी पडावयाची. नेमकी तीच वगळली गेली. ओंटारिओने उठविलेला प्रतीक्षाकाल येथे तीन महिन्यांऐवजी तीन वर्षांचा होऊन अवतरला.

केरळने २०१७ मध्ये ‘आवाज’ योजना काढली, ती या दृष्टीने अभ्यसनीय आहे. परराज्यातील कामगाराची नोंद तो काम करतो तेथेच, ओळखपत्र व बोटांचे ठसे घेऊन करावयाची आणि त्यास १५,००० रुपयांपर्यंतचे उपचार द्यावयाचे, अशी तिची मांडणी. रक्कम तुटपुंजी आहे. पण हक्क कामाच्या ठिकाणी बांधलेला आहे. करकंब परिसरात हे करावयाचे तर यादी आणावयाची कोठून? कारखान्याच्या शेती खात्याकडे टोळ्यांचे करार असतात, गाड्यांचे क्रमांक असतात, रोजच्या वजनाच्या पावत्या असतात. करारावर सही असते मात्र मुकादमाची किंवा वाहतूकदाराची. प्रत्येक कोयत्यातील दोन्ही नावे त्या करारात लिहिणे बंधनकारक झाले, तर हंगामाच्या पहिल्या दिवशीच विमेदारांची यादी तयार होते. परंतु ती नावे लिहिली की मालक कोण, याचेही उत्तर त्याच कागदावर येते. आणि ते येऊ नये अशी इच्छा बाळगणारे पुष्कळ आहेत.