सवय लागायला किती दिवस लागतात?

‘२१ दिवस सलग केलं की सवय लागते’ हे इतक्या वेळा कानावर पडतं, की बाविसाव्या दिवशीही पहाटे उठवत नसेल तर माणूस स्वतःलाच आळशी ठरवून मोकळा होतो. हा आकडा बहुधा अमेरिकी प्लास्टिक सर्जन मॅक्सवेल मॉल्ट्झ यांच्या १९६० सालच्या पुस्तकातून आला. शस्त्रक्रियेनंतरचा बदललेला चेहरा रुग्णांच्या अंगवळणी पडायला किमान २१ दिवस जातात, असं त्यांचं निरीक्षण होतं. पुढे ‘किमान’ गळालं आणि चेहऱ्याच्या जागी सवय आली.

सवय म्हणजे ठरावीक संकेत (वेळ, जागा किंवा आधीची एखादी कृती) मिळताच फारसा विचार न करता घडणारी कृती. ती लागणं दही लागण्यासारखं आहे: विरजण तेच, पण उन्हाळ्यात लवकर लागतं, थंडीत वेळ घेतं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांच्या २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हा काळ १८ ते २५४ दिवस निघाला. मध्यक (निम्मे वर, निम्मे खाली असा मधला आकडा) ६६. पाणी पिण्यासारखी साधी कृती लवकर रुळली, व्यायामाने जास्त दिवस घेतले. एखादा दिवस चुकल्याने मात्र फारसं बिघडलं नाही.

म्हणून उद्दिष्ट दिवसांवर न बेतता संकेताला बांधावं. ‘रोज चालणार’ हे मोघम झालं. ‘सकाळचा चहा झाला की चपला घालून कोपऱ्यापर्यंत जाऊन येणार’ हे पाळता येतं. कोपरा फारच जवळ वाटला, तरी सुरुवातीला तेवढंच ठेवा.